आतड्यांचा दाहविकार : ओळख, उपचार आणि आपला आहार

वार्षिक स्मरणिका म्हटली की सभासदांच्या नजरेसमोर सामान्यतः कापडबाजाराचा आढावा, करविषयक सूचना, दानधर्माची नोंद आणि दिवंगत बंधूंना वाहिलेली आदरांजली येते. अशा पानांत आतड्यांच्या एका आजारावर प्रदीर्घ लेख का घालावा, असे कोणी विचारील तर तो प्रश्न वावगा नव्हे. आमचे उत्तर इतकेच की, हा आजार बहुधा पंधरा ते पस्तीस या वयात माणसाला गाठतो. पेढी हाती घेण्याचे, लग्न ठरण्याचे आणि संसार मांडण्याचे वय तेच. शिवाय तो ज्या देहधर्माशी निगडित आहे त्याविषयी चारचौघांत बोलण्याची आपल्याकडे रीत नाही. गादीवर बसलेला तरुण दिवसातून आठ-दहा वेळा उठून जातो, ग्राहक ताटकळतो, वडील नाराज होतात. परंतु शौचावाटे रक्त जाते हे तो आईलाही सांगत नाही. असे महिनोन्महिने जातात आणि उपचाराची सोपी वेळ निघून जाते. यास्तव हा विषय उघडपणे मांडणे आम्हांस आवश्यक वाटले.

या विकाराला इंग्रजीत ‘इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज’ म्हणतात व डॉक्टर मंडळी त्याच्या आद्याक्षरांवरून ‘आय.बी.डी.’ असे संक्षिप्त नाव वापरतात. मराठीत आपण त्यास आतड्यांचा दाहविकार म्हणू. शरीराची जी संरक्षक यंत्रणा जंतूंशी लढण्यासाठी असते, तीच आतड्याच्या अस्तराविरुद्ध उठते आणि शमत नाही, हे त्याचे मूळ स्वरूप होय. आनुवंशिक प्रवृत्ती, आतड्यातील असंख्य सूक्ष्म जंतूंचा बिघडलेला समतोल आणि बदललेले राहणीमान या तिन्हींचा त्यात वाटा आहे असे मानले जाते. तो संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका घरात राहिल्याने तो कोणास लागत नाही. एखाद्याने मागे काही अभक्ष्य खाल्ले म्हणून झाला, किंवा केवळ चिंता केल्याने झाला, या समजुतींनाही आधार नाही.

त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’, म्हणजे मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह. तो गुदाशयापासून सुरू होऊन सलग वरच्या बाजूस पसरतो आणि आतड्याच्या केवळ आतील अस्तरास जखमी करतो. रक्तमिश्रित, चिकट शौच, पोटात मुरडा आणि शौचाला जाऊन आल्यावरही पुन्हा जावेसे वाटणे ही त्याची लक्षणे. दुसरा ‘क्रोन्स डिसीज’. हा मुखापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो, तथापि लहान आतड्याचा शेवटचा भाग त्याचे आवडते स्थान. तो सलग न पसरता मधली जागा सोडून ठिकठिकाणी होतो, आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरतो, आणि त्यामुळे आतडे अरुंद होणे, त्यास छिद्र पडणे किंवा गुदद्वाराशी भगंदर होणे असे उपद्रव उद्भवतात. पोटदुखी, वजन घटणे, बारीक ताप आणि अशक्तपणा ही त्याची चिन्हे. रक्त दिसेलच असे नाही.

कोलायटिसचे नाव वैद्यकीय वाङ्मयात १८५९ साली लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांच्या लेखणीतून आले. क्रोन्सची कथा व्यापाऱ्यांना विशेष रुचेल अशी आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी १९३२ साली चौदा रुग्णांवरील निबंध प्रसिद्ध केला. नावे वर्णानुक्रमे छापली गेली आणि आरंभीचे नाव रोगास कायमचे चिकटले. त्यांतील रुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे बर्ग नावाचे शल्यविशारद होते. आपण लेखन केलेले नाही म्हणून त्यांनी आपले नाव घालू दिले नाही असे सांगतात. घातले असते तर वर्णक्रमाने बर्ग पुढे आले असते आणि आज जगभर ‘बर्गचा रोग’ म्हटले गेले असते. भागीदारीच्या पाटीवर कोणाचे नाव आधी, यावरून आपल्याकडे होणारे वाद आठवले म्हणजे या सद्गृहस्थाचे कौतुक वाटते.

हा रोग झाला म्हणजे कर्तृत्व संपले, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर जून १९५६ मध्ये याच क्रोन्समुळे आतड्याची तातडीची शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा निवडून आले. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना किशोरवयापासून कोलायटिस होता. २००७ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. पुढे नवे औषध मिळाल्यावर प्रकृती सावरली, २०१२ च्या अखेरीस ते परत आले आणि २०२० मध्ये आजार उलटेपर्यंत त्यांनी त्या देशाच्या इतिहासातील सर्वांत दीर्घ कारकीर्द केली. या उदाहरणातच रोगाचा स्वभावही दिसतो. तो येतो, शमतो, वर्षे शांत राहतो, पुन्हा डोके वर काढतो. समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही, पण नियमित उपचाराने तो दीर्घकाळ शांत ठेवता येतो.

आता ज्या ठिकाणी आपल्याकडे सर्वाधिक घोटाळा होतो तेथे येऊ. शौचावाटे रक्त दिसले की पहिला शब्द निघतो तो ‘मूळव्याध’. पलसाणा चौकडीपासून कडोदऱ्यापर्यंत भिंतीभिंतींवर मूळव्याधीच्या खात्रीशीर इलाजाच्या जाहिराती रंगवलेल्या असतात. आपल्यापैकी कित्येकांचा पहिला सल्लागार ती भिंतच असते. मूळव्याधीत रक्त बहुधा शौचानंतर, थेंबाथेंबाने व वेगळे पडते. त्यासोबत शौच पातळ होणे, चिकट आंव पडणे, वजन उतरणे असे सहसा होत नाही. दुसरा शब्द ‘आंव’. अमीबाजन्य आंव आपल्या भागात असते हे खरे, परंतु तिच्या गोळ्यांचा एक क्रम घेऊनही दोन-तीन आठवड्यांत रक्त थांबले नाही, तर त्याच गोळ्या चौथ्यांदा आणण्यात अर्थ नाही. तिसरा घोटाळा नावाच्या साम्याचा. ‘इरिटेबल बॉवेल’ नावाचा एक वेगळाच, पुष्कळ लोकांना असणारा त्रास आहे. त्यात पोट दुखते, शौचाची घडी बिघडते, पण आतड्यास जखम नसते. त्या त्रासात रक्त जात नाही, ताप येत नाही, रक्तक्षय होत नाही, आणि साधारणतः रात्री गाढ झोपेतून शौचासाठी उठावे लागत नाही. रात्रीची ही खूण सभासदांनी अवश्य लक्षात ठेवावी.

चौथा घोटाळा अधिक गंभीर, आणि त्यात डॉक्टरांनाही दोष देता येत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात क्रोन्स होतो आणि नेमक्या त्याच भागात आतड्याचा क्षयही होतो. दोहोंत पोटदुखी, ताप, वजन घटणे. दुर्बिणीने पाहिले तरी व्रण बरेचसे सारखे. भारतात क्षय मोठ्या प्रमाणावर असल्याने अनेक रुग्णांना प्रथम क्षयाची औषधे दिली जातात. त्यास हरकत नाही, परंतु ती सुरू केल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी व्रण भरत आहेत की नाहीत हे पुन्हा दुर्बिणीने तपासणे जरूर असते. ती तपासणी टाळून, फरक नसतानाही क्षयाचाच क्रम वाढवीत नेला तर तेवढा काळ क्रोन्स आतड्याची भिंत कोरीत राहतो. उलट बाजूही तितकीच घातक आहे : क्षय असताना क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर क्षय भडकतो. म्हणून तुकडा काढून तपासणी आणि नंतरची फेरतपासणी या दोन्ही गोष्टींचा आग्रह घरच्यांनीच धरावा. तसेच भगंदरावर दोनदा-तीनदा शस्त्रक्रिया होऊनही ते उलटत असेल, तर आत क्रोन्स नाही ना, हे विचारून घ्यावे.

निदानाचा क्रम फारसा अवघड नाही. रक्तातील हिमोग्लोबिन व दाहदर्शक तपासण्या, शौचाची जंतूंसाठी तपासणी, ‘कॅल्प्रोटेक्टिन’ नावाची शौचाचीच दुसरी तपासणी, जिच्यावरून आतड्यात दाह आहे की नाही याचा अंदाज येतो, आणि मग कोलोनोस्कोपी. कोलोनोस्कोपीची भीती बाळगू नये. गुंगीचे औषध देऊन ती करता येते व आदल्या दिवशीचे पोट साफ करण्याचे काम हाच तीतील खरा त्रास. आपल्याला सुरत जवळ आहे. तेथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे नवे सिव्हिल रुग्णालय आणि महानगरपालिकेचे स्मीमेर या दोन संस्था अल्प खर्चात तपासतात, आणि पोटविकारतज्ज्ञ खाजगीतही पुष्कळ आहेत.

हा रोग पाश्चात्त्यांचा, मांसाहाऱ्यांचा. आपल्या सात्त्विक शाकाहारी घरांना त्याचे भय नाही, असे आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकतो. ही समजूत इंग्लंडातील लेस्टर शहराने खोटी ठरविली आहे. १९७२ साली युगांडातून हाकलल्या गेलेल्या भारतीयांपैकी पुष्कळ कुटुंबे तेथे स्थायिक झाली. त्यांत गुजराती बहुसंख्य, आणि जैनही इतके की १९८८ साली तेथे आपले देरासर उभे राहिले. त्या परगण्यातील डॉक्टरांनी ऐंशीच्या दशकातील नोंदी तपासून १९९२ साली दाखविले की, भारतीय वंशाच्या लोकांत कोलायटिसचे प्रमाण स्थानिक गोऱ्या लोकांच्या सुमारे दुप्पट होते. आपल्या देशातही पंजाबात झालेल्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले, दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४४ कोलायटिसचे रुग्ण आढळले. रोगभाराच्या जागतिक अभ्यासानुसार १९९० ते २०१९ या काळात भारतातील या विकाराच्या रुग्णांची संख्या दुपटीने वाढून सुमारे २ लाख ७० हजारांवर गेली.

वाढीचे कारण काय? एक मत असे की, लहानपणी जंतूंशी होणारा परिचय कमी झाल्याने शरीराची संरक्षक यंत्रणा अर्धवट शिकलेली राहते. १९९४ च्या प्लेगनंतर सुरतने जी स्वच्छतेची कायापालट केली ती आपण डोळ्यांनी पाहिली. ती उणी लेखावी असे कोणी म्हणणार नाही. पण जुने संसर्ग मागे हटले की नवे विकार पुढे येतात, असा अनुभव अनेक देशांत आला आहे. कारखान्यात तयार होणारे पाकीटबंद खाद्यपदार्थ, त्यांतील मिश्रक द्रव्ये, बालपणी वारंवार दिलेली प्रतिजैविके यांच्याकडेही बोट दाखविले जाते. तंबाखूविषयी मात्र संदेह नाही : धूम्रपानाने क्रोन्स बळावतो.

औषधांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यावरून कोणत्या औषधाकडून किती अपेक्षा ठेवावी हे कळते. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ या विदुषीने संधिवातासाठी तयार करविलेले सल्फासॅलाझीन कोलायटिसवर गुणकारी ठरले. त्याचे वृत्त १९४२ साली प्रसिद्ध झाले. १९७७ साली ऑक्सफर्ड येथे आझाद खान व सहकाऱ्यांनी त्यातील नेमका कोणता अंश काम करतो हे शोधले. हेच आझाद खान पुढे बांगलादेशात मधुमेहसेवेचे अध्वर्यू म्हणून नावारूपास आले. त्या अंशाचे नाव मेसालामीन. आज कोलायटिसच्या सौम्य व मध्यम रुग्णांचे ते मुख्य औषध आहे. रोग गुदाशयापुरता असेल तर त्याची गुदद्वारावाटे द्यावयाची बत्ती गोळीपेक्षा अधिक गुण देते. संकोचापायी ती टाळणारे रुग्ण पुष्कळ, आणि ते आपलेच नुकसान करून घेतात.

तीव्र झटक्यात स्टेरॉइड प्राण वाचवतात. ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ साली २१० रुग्णांवर कॉर्टिझोनची जी चाचणी प्रसिद्ध केली, तीत औषध घेणाऱ्यांपैकी ४१ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी १६ टक्के रुग्णांचा रोग सहा आठवड्यांत शमला. परंतु स्टेरॉइड ही आग विझविण्याची बादली आहे. ती रोज ओतावयाची नसते. दुकानातून चिठ्ठीविना आणून वर्षानुवर्षे प्रेडनिसोलोन घेणारे लोक आपल्या परिसरात आहेत. गोळी घेतली की भूक लागते, चेहरा भरतो, घरची माणसे म्हणतात तब्येत सुधारली. आतून हाडे ठिसूळ होत असतात, साखर वाढत असते, डोळ्यांत मोतीबिंदू धरत असतो. आणि अशी गोळी एका दिवशी एकदम बंद करणे तर त्याहून घातक; ती पायरीपायरीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावी लागते.

ज्यांना स्टेरॉइडविना राहता येत नाही त्यांच्यासाठी अ‍ॅझाथायोप्रिन आहे. त्याचा परिणाम दिसण्यास दोन-तीन महिने लागतात आणि आरंभी वारंवार रक्ततपासणी करावी लागते. आशियाई लोकांपैकी काहींत एका विशिष्ट आनुवंशिक भेदामुळे या औषधाने पांढऱ्या पेशी एकाएकी उतरतात व केस गळतात. १९९८ पासून ‘बायोलॉजिकल’ म्हणविली जाणारी इंजेक्शने आली. ती महाग होती व आहेत, तथापि अहमदाबादच्या झायडस कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये अडॅलिमुमॅब या औषधाची स्वस्त प्रतिकृती बाजारात आणली, ती जगातील त्या औषधाची पहिली होय. आपल्या प्रांताने याचा अभिमान बाळगावा. ही इंजेक्शने घेण्यापूर्वी छातीचे छायाचित्र व क्षयाच्या तपासण्या करणे अनिवार्य आहे. शस्त्रक्रियेने कोलायटिसमधील मोठे आतडे काढून टाकता येते, क्रोन्स मात्र शस्त्रक्रियेनंतरही दुसरीकडे उद्भवू शकतो.

दिवसात सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच आणि त्यासोबत ताप किंवा वेगाने चालणारी नाडी असेल, तर ती घरी काढे देण्याची वेळ नव्हे. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. शिवाय मोठ्या आतड्याचा बराचसा भाग व्यापणारा कोलायटिस आठ वर्षांचा झाला म्हणजे कर्करोगाच्या शोधासाठी ठराविक अंतराने कोलोनोस्कोपी करावी लागते, मग रुग्ण कितीही ठणठणीत असो. सांधेदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आपण सहज घेतो. या रोगात त्यांनी झटका येऊ शकतो. येथे सांधे दुखणे, डोळे लाल होणे, पायांवर दुखऱ्या गाठी येणे हे आतड्याच्या रोगाचेच बाह्य आविष्कार असू शकतात.

आता आहार. आम्हांस विचारला जाणारा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, ‘काय खावे?’ सर्वांना लागू पडणारे एकच पथ्य नाही, हे प्रथम सांगून टाकतो. रोग शांत असताना घरचे ताजे, वैविध्यपूर्ण जेवण घ्यावे; भाज्या-फळे निष्कारण सोडू नयेत. झटक्याच्या काळात मऊ भात, मुगाच्या डाळीचे पातळ वरण, दुधी, सोललेले दोडके, पिकलेले केळे, ताक हे पदार्थ बहुतेकांना सोसतात. अशा वेळी डॉक्टर कधी कधी उकडलेला बटाटा किंवा गाजर सुचवितात आणि श्रावकाच्या घरी पेच पडतो. वस्तुतः कंदमुळांवाचून काही अडत नाही, दुधी, कच्चे केळे आणि लाल भोपळा तेच काम करतात. दूध सर्वांनी सोडावे असे नाही, ज्यांना त्याने पोट फुगते त्यांनीच सोडावे. एरवी शाकाहारी माणसाचा प्रथिनांचा मोठा आधारच जातो.

आतडे अरुंद झालेल्या क्रोन्सच्या रुग्णाने मात्र तंतुमय पदार्थांपासून खरेच सावध राहावे. हिवाळ्यात सुरतेकडे पोंक येतो, आपल्या खानदेशी भाषेत ज्वारीचा हुरडा. सुरती पापडी येते, तिचा उंधियो होतो, जैन पद्धतीने कंदांवाचूनही उत्तम होतो. निरोगी माणसाने त्यावर ताव मारावा. अरुंद आतड्यात मात्र पापडीचे शिरांसकट कवच, हुरड्याचे न चावलेले दाणे, मक्याचे कणीस, पेरूच्या बिया अडकून बसतात आणि पोट फुगून उलट्या सुरू होतात. चांदनी पडव्याच्या घारीतील तुपाचा भार आणि धुळ्याकडच्या शेवभाजीचा तिखट रस्सा यांनी रोग होत नाही. झटक्यात त्रास मात्र वाढतो. लहान मुलांच्या क्रोन्समध्ये सहा ते आठ आठवडे केवळ पोषक द्रव आहार देऊन स्टेरॉइडशिवाय रोग शमविता येतो. ती पावडर बहुधा दुधातील प्रथिनांची असते, डबा वाचून घ्यावा.

हळदीविषयी एक अभिमानाची आणि सावधगिरीची गोष्ट. २००६ साली जपानात ८९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, नेहमीच्या औषधासोबत हळदीतील कर्क्युमिन घेणाऱ्यांत सहा महिन्यांत रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर न घेणाऱ्यांत २० टक्के आढळले. ‘नेहमीच्या औषधासोबत’ हे शब्द कृपया दोनदा वाचावेत. मूळ औषध बंद करून हळदीचे दूध पिणाऱ्यास या आकड्यांचा काहीही आधार नाही.

जीवनसत्त्व बी-१२ विषयी आपल्या समाजाने विशेष जागरूक असावे. वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसते, त्यामुळे आपल्यांत त्याची उणीव आधीच पुष्कळ. ते शरीरात शोषले जाते केवळ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, आणि क्रोन्स बसतो तोही तेथेच. म्हणजे आवक मुळात कमी आणि जकातनाकेच बंद. हातापायांना मुंग्या, तोल जाणे, विस्मरण ही लक्षणे दिसेपर्यंत थांबू नये. रक्ततपासणी करून इंजेक्शने घ्यावीत, आणि तो भाग शस्त्रक्रियेने काढला असेल तर ती आयुष्यभर लागू शकतात. लोह व ड-जीवनसत्त्व यांचीही तपासणी सोबतच करावी.

व्रतनियमांचा प्रश्न आम्ही टाळू इच्छित नाही, कारण तेथेच औषध सुटते. रात्री चौविहार असल्याने रात्रीची गोळी घेता येत नाही, म्हणून ती बंदच करणारे रुग्ण आहेत. त्याची गरज नाही. मेसालामीनची दिवसाची पूर्ण मात्रा एकाच वेळी घेतली तरी ती विभागून घेण्याइतकीच गुणकारी असते हे सिद्ध झाले आहे. प्रेडनिसोलोन तर सकाळीच घ्यावयाचे असते. नवकारसीनंतरच्या आहारासोबत दोन्ही बसतात. डॉक्टरांना नियम सांगितला की ते वेळापत्रक तसे आखून देतात. उकळलेले पाणी पिण्याची आपली रीत या रुग्णांना फार उपकारक आहे, कारण दूषित पाण्याचा साधा संसर्गही झटक्याचे निमित्त होतो. आयंबिल हलके म्हणून पथ्यकारक, असे पुष्कळ समजतात. परंतु त्यात दूध-तूप वर्ज्य आणि कडधान्यांवर भर, म्हणून झटक्यात नऊ दिवसांची ओळी सोसेलच असे नाही. आणि स्टेरॉइड चालू असताना अठ्ठाई करून गोळ्या सोडणे हा जिवाशी खेळ आहे. पच्चक्खाणात आगार ठेवलेले असतात आणि आजारात चित्ताची समाधी राखण्यासाठी औषधाची मोकळीक त्यांत आहे. महाराजसाहेबांपुढे दुखणे मोकळेपणाने मांडल्यास ते झेपेल असेच व्रत देतात.

औषधांतील प्राणिज द्रव्यांचीही चौकशी करावी. कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे असते. त्याऐवजी गोळी, पुडी किंवा वनस्पतिजन्य कवच मागता येते. तीव्र झटक्यात रुग्णालयात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देण्यात येणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात, आणि ही गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही. कृत्रिमरीत्या बनविलेले फॉन्डापॅरिनक्स नावाचे औषधही असते. ते आपल्या रुग्णास चालेल का, हे दाखल होतानाच विचारावे, मध्यरात्री परिचारिकेशी वाद घालू नये. पर्याय नसेल तेव्हा काय करावयाचे हेही कुटुंबाने आधीच ठरवून ठेवावे. आमचे मत जीव वाचविण्याच्या बाजूचे आहे.

विवाहाची बोलणी चालू असताना हा आजार लपविला जातो. सासरी आलेली सून मग चोरून गोळ्या घेते, कधी थांबवते, आणि पहिल्या बाळंतपणात झटका येतो. खरी परिस्थिती अशी की रोग शांत असताना गर्भ राहिला तर बहुतेक बाळंतपणे सुखरूप होतात. मेसालामीन व अ‍ॅझाथायोप्रिन गर्भारपणातही चालू ठेवता येतात, केवळ मेथोट्रेक्सेटसारखी काही औषधे कित्येक महिने आधी बंद करावी लागतात. आई किंवा वडिलांना रोग असला तरी बहुतांश मुलांना तो होत नाही. हे मुलाच्या व मुलीच्या, दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांनी जाणून घ्यावे आणि बोलणी उघड करावीत. मुलाचा आजार ‘जरा पोट नाजूक आहे’ म्हणून खपतो आणि मुलीच्या आजाराने सोयरीक मोडते, हा दुजाभाव आम्हांस अजिबात मान्य नाही.

रुग्णाने आपला रोजमेळ ठेवावा, असे आम्ही सुचवितो : तारीख, किती वेळा शौच, रक्त आहे की नाही, वजन, घेतलेली औषधे. आपल्या लोकांना चोपडी लिहिण्याचा हात असतो. महिन्याची खतावणी डॉक्टरांपुढे ठेवली की त्यांचा निर्णय जलद होतो. आरोग्यविमा घेताना हा आजार प्रस्तावात स्वच्छ नमूद करावा. २०२४ सालच्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षाकाल कमाल तीन वर्षांचा आहे. लपविलेला आजार दाव्याच्या वेळी उघडकीस आला म्हणजे जे व्हायचे ते आपणा व्यापाऱ्यांना सांगावयास नको.

शेवटी पेढ्यांविषयी. जोळवा-कडोदरा भागातील गिरण्यांत खानदेशातून आणि ओरिसातून आलेले कामगार पाळीवर उभे असतात. यंत्र सोडून वारंवार जाणाऱ्यास कामचुकार ठरविण्याआधी मुकादमाने त्याला तपासणीस पाठवावे, आणि तपासणीच्या दिवसाची मजुरी कापू नये. आमच्या पाहण्यातील काही बाजारांत मजल्यावरील शौचालयास कुलूप असते व किल्ली खाली पहारेकऱ्यापाशी. या आजारात एकदा वेग आला की दोन मिनिटेही मिळत नाहीत. संघाच्या येत्या सर्वसाधारण सभेत असा ठराव यावा की, मजल्यावरील प्रत्येक गाळ्यास त्या किल्लीची एक प्रत मिळावी आणि ती मागणाऱ्यास कोणीही कारण विचारू नये.